मामाच्या बोटाची चव

मिरचीच्या झाडाला वास असतो, हे मिरची खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. फळाचा नव्हे, झाडाचा. पौषातल्या पहाटे पानांवर दव बसलेले असताना दोन सऱ्यांमधून चालत गेले की पोटरीला पाने घासतात आणि एक हिरवा, ओलसर, किंचित कडवट गंध वर उठतो. ओल्या गोणपाटाने आणि टोमॅटोच्या कोवळ्या देठाने मिळून संसार थाटावा तसा. त्यात तिखटपणाचा लवलेशही नसतो. इतके निरागस झाड पुढे असे वागेल, असे त्या वासावरून कुणाला वाटेल? पण वासावरून माणूस तरी कुठे ओळखता येतो, असे मी परवापरवापर्यंत म्हणत असे. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच तुम्हांला सांगायला बसलो आहे.

वाणगावात आमची दीड एकराची वाडी आहे. निम्म्यात मिरची, बांधाला चिकू, विहिरीकडे गवती चहा आणि मधोमध घर. त्या घरात गेल्या हिवाळ्यात एक पाहुणी मुक्कामाला होती: माझी भाची तन्वी, म्हणजे आमची तनू, वय महिने पाच. माझी धाकटी बहीण नलू तलासरीला दिलेली. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिच्या मांडीवर हे लेकरू आले. आमचे आईवडील दोघेही गेलेले, त्यामुळे नलूचे माहेर म्हणजे मी, माझी बायको सुधा आणि ही मिरची. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली, आणि सहा महिने पुरे झाल्यावर बाळाचे उष्टावण उरकूनच सासरी जायचे, असे ठरले.

आईच्या दुधावर वाढलेल्या जिवाला अन्नाचा पहिला घास भरवण्याचा हा सोहळा, आणि भरवण्याचा मान मामाचा. पुष्कळ घरांत मामा चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने बाळाच्या ओठाला लावतो. आमच्या घरची रीत मात्र अंगठी नसलेल्या कुणा पूर्वजाने पाडलेली असावी. आमच्याकडे मामा उजव्या हाताच्या अनामिकेने खीर चाटवतो. बोट हीच अंगठी आणि बोट हाच चमचा. मला ही रीत फार आवडते, कारण तिला खर्च नाही. शिवाय मी शाळेत कधी पहिला आलो नाही, आणि शर्यतीत तर मला शेवटून मोजणे सोपे जाई. पण एका कोऱ्या जिभेवर या विशाल, रसमय जगाची पहिली चव ठेवणारा पहिला माणूस मीच असणार होतो! बावन्न वर्षांच्या गृहस्थाच्या अंगावर मूठभर मांस चढायला आणखी काय लागते?

डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध. दुसरे काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी त्या आज्ञेचा सूक्ष्म अभ्यास केला आणि मला तिच्यात एक पळवाट सापडली. बाईंनी बंदी घातली होती ती तोंडाला. नाकाबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या!

मग रोज सकाळी, ऊन कोवळे असताना, तनूला खांद्यावर घेऊन मी वाडीत निघू लागलो. राजकन्येला तिचे राज्य दाखवायला निघालेला एखादा ढेरपोट्या कारभारीच जणू. गवती चहाचे पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरावे. ती क्षणभर श्वास रोखी, डोळे मोठे करी, आणि आत ओढून घेतलेला तो वास आता ठेवावा कुठे हे न कळून पाय झाडी. चिकूच्या देठातून ठिबकणारा पांढरा चीक, आंब्याचा नुकता फुटलेला मोहोर, विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ, भाताच्या पेंढ्याची कोरडी, उबदार धूळ, शेजारच्या अंगणात पालथ्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली शिजणाऱ्या कंदा-शेंगांच्या उबाडियोची धुरकट वाफ. एकेक वास म्हणजे एकेक अक्षर, आणि मी त्या बालवाडीचा एकमेव, बिनपगारी मास्तर. डोळ्यांना पापण्या आहेत, ओठ मिटता येतात. पण नाकाला दार नाही. निसर्गाने हे घर सताड उघडे का ठेवले असेल? जगाने विचारल्याशिवाय आत यावे म्हणूनच ना?

खरे सांगायचे तर या शिकवणीत विद्यार्थिनीपेक्षा मास्तरच जास्त शिकला. तनू शेवंतीच्या फुलाला जितकी भुले, तितकीच गोठ्यातल्या शेणालाही. तिच्या दरबारात सगळे गंध एकाच पंक्तीला बसत. एकदा हिराबाय आली. हिराबाय धाकट्या डहाणूची. दर दोन दिवसांनी टोपली घेऊन सहाआसनी रिक्षातून आमच्या गावात उतरते आणि अख्खा समुद्र ओट्यावर मांडते. तिच्या टोपलीतल्या सुक्या बोंबलांकडे तनू अशी काही झेपावली की माझ्या हातातून निसटायचीच. सुधा आतून धावत आली. "शी! शी गं बाई, नको तिकडे!" हिराबाय हसली. "काय गं वैनी, पोरीला शी शिकवतेस, नि स्वतः किलोभर घेतेस?" सुधा लाजली आणि त्या दिवशी सव्वा किलो घेऊन बसली. मी मात्र विचारात पडलो. ही 'शी' कुठल्याही वासात नसतेच. ती आपल्या चेहऱ्यावर असते. मूल वास नाकाने घेते, पण त्याची जात आपल्या भुवयांवरून वाचते. आपल्याला किळस वाटणाऱ्या किती गोष्टी खरोखर आपल्या नाकाने ठरवल्या, आणि किती कुणाच्या तरी आखडलेल्या भुवईने?

असा मी ज्ञानाने दिवसेंदिवस जड होत असताना, उष्टावणाला बारा दिवस उरले आणि घात झाला.

त्या दिवशी झरीहून तोडणीला येणाऱ्या बायांच्या पाड्यावर लग्न होते, आणि माल तर सकाळीच बाजारात जायचा होता. म्हणून फटफटायच्या आत दोन पाट्या मिरची मीच तोडली. त्या बाया तोडणीआधी हाताला खोबरेल चोपडतात. तेलावरून तिखट निसटते, कोरड्या हातात ते मुरते. हे मला तीस वर्षे ठाऊक आहे आणि तीस वर्षे मी ते केलेले नाही, कारण हाताला तेल चोळून कामाला लागणे वाडीच्या धन्याला शोभत नाही, असा माझा एक समज आहे. तर, दोनदा साबण लावून हात धुतले, पंचाला पुसले आणि तनूला उचलले. ती त्या वयात होती, ज्या वयात जग पाहण्यासाठी नसते, तोंडात घालण्यासाठी असते. तिने माझे एक बोट धरले. नेमके तेच, उजव्या हातावरचे, करंगळीच्या शेजारचे. आणि मी हां हां म्हणेपर्यंत ते थेट तोंडात!

पहिले दोन क्षण काहीच झाले नाही. तिसऱ्या क्षणी तिच्या मुखावर एखाद्या तत्त्वचिंतकाचे गांभीर्य अवतरले. चौथ्या क्षणी तिने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. तीत राग नव्हता, केवळ एक निखळ प्रश्न होता: मामा, तूसुद्धा? आणि मग तिने असा टाहो फोडला की विहिरीतले पारवे भर्रकन उडाले. सुधा आणि नलू धावत आल्या. "काय झालं? काय झालं?" आणि माझ्या तोंडून, कुठून आले देव जाणे, निघून गेले, "मुंगी चावली असेल."

नलूने तिला ओढून घेतले, तिचे पटापट पापे घेतले, पाजले. पाच मिनिटांत लेकरू शांत झाले. माझे खोटे मात्र तिथून पुढे चालू लागले. सुधाने भिंतीच्या कडेने हळदीची रेघ ओढली. पाळण्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या आल्या. घरातली यच्चयावत दुपटी उकळत्या पाण्यात गेली. आणि मी, या सगळ्या अनर्थाचा धनी, गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात फरशीच्या फटींत त्या अस्तित्वात नसलेल्या मुंगीचा शोध घेत होतो. "लाल असेल हो," सुधा म्हणाली. "लालच वाटते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी चंदनाच्या साबणाने हात धुऊन पाळण्याशी गेलो. रोज मला पाहताच हात पसरणाऱ्या तनूने माझा हात जवळ येताच नाक आखडले आणि मान फिरवली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती नलूच्या गळ्यात तोंड खुपसून बसली. नऊ दिवसांनी चार माणसांसमक्ष हेच बोट तिच्या ओठांशी न्यायचे होते! मला माझी पहिली चव आठवत नाही. पण लहानपणी तापात पाजलेला किराईताचा काढा आठवतो, आणि तो ज्या पितळी फुलपात्रातून पाजत, त्या फुलपात्रातले पाणीसुद्धा मला पुढे कित्येक वर्षे कडू लागे. जीभ क्षमा करते का हो? की तनूच्या लेखी मी जन्मभर एक कडू फुलपात्रच राहणार होतो?

मग उपाय सुरू झाले. दही, बेसन, लिंबू, चिंचेचा कोळ, खोबरेल, आणि प्रत्येक उपायाच्या डोक्यावर पुन्हा चंदनाचा साबण. माझे हात एखाद्या देवस्थानातल्या मूर्तीसारखे त्रिकाळ न्हाऊ लागले. तोडणीच्या ऐन हंगामात मी मिरचीला शिवणे सोडले. ज्या मनुष्याने तीस वर्षांत हाताला तेल लावले नाही, तो आता मनगटापर्यंत अत्तर लावून बांधावरून हुकूम सोडत होता, आणि झरीच्या बाया पदर तोंडावर धरून हसत होत्या. हिराबायने तर ओट्यावरूनच हाळी दिली, "भाऊ, दुसरं लगीन काढलंस काय? तुझा वास पार नाक्यावर येतोय!" सुधाने आतून उत्तर दिले, "घेऊन जा ना, टोपलीत जागा असेल तर." मी हसलो, पण खरे सांगतो, सकाळी एकटाच वाडीत जायचो तेव्हा गवती चहाचे पान चुरगाळावेसे वाटत नसे. ज्याला वास दाखवायचा ते नाकच बरोबर नसेल, तर एकट्याने हुंगायचे ते काय?

उष्टावणाचा दिवस उजाडला. तलासरीहून नलूच्या सासूबाई, तिचे यजमान आणि धाकटे दीर आले. पाट, रांगोळी, समई, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. मी ठेवणीतला रेशमी कुर्ता घातला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, त्यावर अत्तर, त्याखाली चंदन. तनूला माझ्या मांडीवर ठेवले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, ओळखीचा चेहरा आहे अशी खात्री केली, आणि मग नाक आखडून असे रडे काढले की समईची ज्योतही थरथरली. मी खिरीत बोट बुडवून तिच्या ओठांशी नेले. तिने मान डावीकडे फिरवली. मी डावीकडून गेलो, तिने उजवीकडे फिरवली. तिसऱ्यांदा खीर माझ्या कुर्त्यावर सांडली.

नलूच्या सासूबाई तलासरीत राहून अर्ध्या गुजराती झालेल्या, मनाने फार मोकळ्या. त्या म्हणाल्या, "रेवा दो भाई. पोरीला कशाला रडवायचं? काकाने भरवलं तरी चालेल. काका काय नि मामा काय." त्यांच्या बोलण्यात खोच मुळीच नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. धाकटे दीर बाह्या सरसावून पुढे झाले. मी नलूकडे पाहिले. ती खाली मान घालून रांगोळीकडे बघत होती. आईवडील नसलेल्या बाईच्या माहेराचा एवढा एकच मान त्या दिवशी मांडलेला होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या मांडीवर चालला होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "पोरगी ओळखंल कशी त्याला?" हिराबाय टोपली उतरवून उंबऱ्याशी टेकली होती, आज घरात कार्य आहे हे तिला माहीत नव्हते. "मामाचा वास कुठं हाय त्याच्या अंगाला? माझा धाकटा असाच. मी एकदा लग्नाला जायला म्हणून घासघासून अंघोळ केली, गजरा माळला, तर मेला माझ्याकडं येईचना. रडून रडून निळा झाला. मग मी टोपलीत हात घातले, नि गप आला कुशीत." सगळे हसले. मी हसलो नाही. गेले अकरा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून झरझर सरकले, प्रत्येक दिवसावर चंदनाच्या साबणाचा फेस! त्या अजाण जिवाला रोज सकाळी खांद्यावर घेणारा माणूस मीच तर घासून घासून गटारात वाहून टाकला होता. आणि ती त्याच्यासाठी रडत होती, त्याच्यापासून नव्हे.

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो आणि मागल्या दारी धावलो. कुर्ता काढून दोरीवर भिरकावला. नुसत्या विहिरीच्या पाण्याने हात खसखसून धुतले, गवती चहाची मूठभर पाने तळहातांवर चोळली, खुंटीवरचा वाडीतला सदरा चढवला. सुधाने कितीही धुतला तरी चिकूच्या चिकाचे डाग आणि माझा घाम न सोडणारा. मग एकाएकी मनात आले, अजून काही उरले असेल तर? मी ते बोट हळूच स्वतःच्या जिभेला लावून पाहिले.

"झोंबतंय का रे दादा?"

मागे नलू उभी होती. मी जिभेला बोट लावल्या अवस्थेतच थिजलो. ती म्हणाली, "त्या दिवशी मी तिचे पापे घेतले ना, संध्याकाळपर्यंत माझे ओठ भगभगत होते. अशी कुठली मुंगी असते रे?" मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" "तू इतका मन लावून शोधत होतास, म्हटलं सापडली तर बघू," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बोट धू परत. आणि चल. माझ्या सासूबाईंना पुन्हा बोलायला लावू नकोस."

त्या दिवसाचे छायाचित्र आमच्या भिंतीवर आहे. सगळे रेशमात, आणि मधोमध मामा एका डागाळलेल्या, कोपरावर ठिगळ लावलेल्या सदऱ्यात. छायाचित्रात दिसत नाही ते असे, की तनूला माझ्या मांडीवर दिले तेव्हा ती आधी रडली. मग हुंदका अर्धवट ठेवून थांबली. मग तिने सदऱ्यात, खांद्याच्या खळगीत नाक खुपसले आणि एक लांब श्वास घेतला. मी बोट खिरीत बुडवले. ते तिच्याकडे न्यावे लागले नाही. तिने दोन्ही हातांनी धरून ओढून घेतले. गोड चव जिभेला लागताच तिने अशी तोंडे केली, जणू कुणी तिच्यापुढे फार मोठा प्रस्ताव ठेवला आहे आणि निर्णयाला वेळ हवा आहे. मग कचकन काहीतरी टोचले आणि मी ओरडलो. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढे धारदार काहीतरी आले होते, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

"दात!" सुधा किंचाळली. सासूबाईंनी घाईघाईने वाकून पाहिले, कारण वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो, असे आमच्याकडे मानतात. "खालचा आहे, खालचा आहे," त्या म्हणाल्या, "मामा सुखरूप!" आणि धाकट्या दिरांनी सरसावलेल्या बाह्या खाली करून पहिली टाळी वाजवली.

गलबल्यात खीर संपली, माणसे पंगतीकडे वळली, हिराबायला वाटीभर खीर पोचली. तनू मात्र माझे बोट सोडीना. त्यावरची साखर कधीच गेली होती, दूध गेले होते, वेलदोडा गेला होता. तरी ती डोळे अर्धवट मिटून ते चोखतच होती. मग आता तिला लागत होते ते काय? फुलाला स्वतःचा गंध येत नसेल, तसा आपल्या हाताचा वास आणि आपल्या बोटाची चव आपल्याला कधी कळत नाही. ती जिला कळत होती तिला अजून शब्द येत नव्हता. नवा दात दर दोन क्षणांनी रुतत होता. पान वाढले आहे म्हणून सुधा आतून दोनदा हाक मारून गेली. मी बोट काढून घेतले नाही.